ऑफिसचा पीसी सुरू होत नाहीये – अर्जंट

सेक्रेटरी (बी-४०२): काल रात्री सोसायटीच्या ऑफिसमधल्या कॉम्प्युटरवर विंडोज ११ टाकलं, दहाला व्यवस्थित बंद करून गेलो. आता काळ्या पडद्यावर एकच ओळ, ‘रीबूट अँड सिलेक्ट प्रॉपर बूट डिव्हाइस’. एजीएम (वार्षिक सभा) तोंडावर आलीये आणि सगळा हिशोब त्यातच आहे. कोणाला काही कळतं का?

ए-१०३: तरी मी म्हणत होतो, चांगलं चाललंय त्याला हात लावू नका.

खजिनदार (ए-६०१): अहो, १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा सपोर्ट संपला. कमिटीत ठरलंय, मिनिट्स बघा.

बी-२०५: बी विंगला पाणी आहे का?

सेक्रेटरी: दुकानदाराला फोटो पाठवला. म्हणतो अपडेटनं विंडोज उडालं, फॉरमॅट मारावा लागेल. डेटाची गॅरंटी नाही.

सी-७०४: काका, थांबा!! फॉरमॅट अजिबात करू देऊ नका. ही ओळ विंडोजची नाहीच. विंडोजपर्यंत गाडी पोचलेलीच नाही. मदरबोर्ड (आतला मुख्य बोर्ड) म्हणतोय, सुरू करण्याजोगी डिस्क मला सापडत नाही. अपडेट फसलं असतं तर बहुतेक निळा पडदा आला असता, नाहीतर ‘ऑटोमॅटिक रिपेअर’ गरगरत बसलं असतं.

सी-७०४: पॉवरचं बटण दाबलं की लगेच डिलीटची की टपटप दाबत राहा. बायोस, म्हणजे मदरबोर्डच्या सेटिंगचं पान, उघडेल. आत काही बदलू नका, फक्त तारीख सांगा.

सेक्रेटरी: १ जानेवारी २०१८. वेळ ००:०७.

सी-७०४: सापडलं! रात्री ऑफिसची लाइट गेली होती का?

खजिनदार: गेली म्हणजे काय, मीटररूमचं काम होतं. ११ ला मेन पाडला तो पहाटे पाचला दिला. मी सहा मजले चढलोय.

सी-७०४: मग अपडेट बिचारं फुकट बदनाम झालं. मदरबोर्डवर बटणाएवढा सेल असतो, सीआर२०३२. घड्याळ आणि बायोसची सेटिंग त्याच्या जिवावर. पीसी बंद असला तरी प्लग चालू असेल तर एसएमपीएसमधून (पॉवर सप्लायमधून) थोडा करंट येत राहतो, म्हणून सेल मेलेला कळतच नाही. काल सहा तास करंट नव्हता, सेटिंग पुसली गेली, बोर्ड कंपनीच्या मूळ सेटिंगवर गेला.

सी-७०४: आता बदलायचं. पण आधी सांगा, डिस्कला बिटलॉकर, म्हणजे विंडोजचं कुलूप, आहे का? असेल तर बायोसला हात लावल्यावर ४८ आकडी किल्ली मागू शकतं. ती हाताशी हवी.

खजिनदार: नाही. कालच तपासलं होतं.

सी-७०४: छान. बूटच्या पानावर ‘लेगसी’ किंवा ‘सीएसएम’ दिसेल, ती सुरू होण्याची जुनी पद्धत. तिथे यूईएफआय (नवी पद्धत) करा, मग एफ-१० दाबून सेव्ह. आपली डिस्क जीपीटी, म्हणजे नव्या मांडणीची, लेगसीत विंडोज तिच्यावरून सुरू होत नाही.

सेक्रेटरी: दोन मिनिटं.

बी-२०५: पाण्याचं कोणीतरी सांगा हो.

सेक्रेटरी: आला!!! हिशोब जागच्या जागी आहे. जीव भांड्यात पडला.

सी-७०४: आधी पेनड्राइव्हवर कॉपी. मग पीसी बंद करून वायर काढा आणि सेल बदला. क्लिप बाजूला दाबली की तो वर उडतो. अधिकची बाजू वर. सेटिंग परत पुसली जाईल, यूईएफआय पुन्हा करा. सेल बदलला नाही तर पुढच्या वेळी लाइट गेली की हेच.

ए-१०३: जुना सेल मल्टीमीटरवर बघितला. १.१ व्होल्ट. तीन हवेत. पोराचं बरोबर आहे.

सेक्रेटरी: नवा बसवला, यूईएफआय परत केलं. पण बँकेची साइट उघडत नाहीये, ‘कनेक्शन सुरक्षित नाही’ म्हणते.

सी-७०४: काका, तारीख अजून २०१८ चीच असेल. तारीख चुकली की ब्राउझरला साइटचं सर्टिफिकेट खोटं वाटतं.

सेक्रेटरी: हो की. झालं.

खजिनदार: सेलचे ३० रुपये दिलेत त्याची पावती घेतलीत का? व्हाउचरला लागेल.