पोलारी संपली, त्याची हळहळ कशाला?

निरंजन७२
ब्रिटनमधल्या समलिंगी पुरुषांची पोलारी ही चोरबोली. सगळं इंग्रजीच, मधेमधे आपले शब्द पेरायचे. 'बोना' म्हणजे छान, 'वाडा' म्हणजे बघ, 'ओमी' पुरुष, 'पलोनी' बाई, आणि 'ओमी-पलोनी' म्हणजे आपल्यातला. पोलीस आला की 'लिली लॉ'. 1967 पर्यंत इंग्लंडमध्ये दोन पुरुषांचा संबंध हा गुन्हा होता, आणि साध्या वेशातले पोलीस सावज हेरत फिरायचे. कायदा बदलला, बोली विरली. पाय बरा झाला की कुबडी कोपऱ्यात जाते. आता तिला 'वारसा' म्हणून ओवाळणं मला पटत नाही. जी भाषा माणसाला लपायला लागलं म्हणून जन्मली, ती संपली याचा आनंदच व्हायला हवा.

मृदुला_स
कुबडी हा शब्द फार लागला. पोलिसांपासून वाचायला किती शब्द पुरतात? पाच-दहा. मग केसांना 'रिया', चेहऱ्याला 'ईक', पायांना 'लॅलीज', बुटांना 'बॅट्स' कशाला हवं होतं? हेअरचं स्पेलिंग उलटं वाचलं की रिया. फेस उलटा करून 'एकाफ', त्याचं आखूड रूप 'ईक'. शाळेत आपण 'च'ची भाषा बोलायचो तीच मजा यात आहे. जत्रेतले खेळवाले, नाटकवाले, खलाशी, लंडनचे यिडिश बोलणारे ज्यू, सगळ्यांकडून उचललेले शब्द, त्यात इटालियन भरपूर. हसायला, चेष्टा करायला, समोरून चाललेल्या देखण्या माणसाबद्दल त्याच्यादेखत बोलायला ही बोली घडली. भीती होतीच, पण भीतीला इतके शब्द लागत नाहीत.

जुना वाचक
निरंजन, तुमचा कालक्रमही तपासा. 1965 ते 1968 बीबीसी रेडिओवर 'राउंड द हॉर्न' हा विनोदी कार्यक्रम चालायचा. त्यातले ज्युलियन आणि सँडी बिनधास्त पोलारी बोलायचे आणि लाखो घरांतून हशा पिकायचा. म्हणजे कायदा बदलायच्या आधीच कुलूप उघडलं होतं. आणि 1967 चा कायदा तरी केवढा? एकविसाच्या पुढचे, तेही बंद दाराआड, आणि इंग्लंड-वेल्सपुरताच. स्कॉटलंडला 1980 उजाडलं, उत्तर आयर्लंडला 1982. भीती गेली म्हणून बोली गेली हे गणित जुळत नाही.

निरंजन७२
रेडिओचा मुद्दा मान्य, तो मी धरलाच नव्हता. पण मग हेही धरा की 1970 नंतरच्या समलिंगी हक्कांच्या चळवळीतल्या तरुणांनीच ही बोली नाकारली. त्यांना उघड्यावर यायचं होतं, आणि पोलारीत बायकांची टिंगल होती, वय झालेल्याची, कुरूप दिसणाऱ्याची कीव न करता केलेली निंदा होती. घरच्यांनीच टाकलेल्या गोष्टीसाठी आपण परक्यांनी का रडायचं?

मृदुला_स
टिंगल होती, खरंय. पण ज्याला बाहेर दिवसभर शिव्या खाव्या लागतात त्याची जीभ धारदार होते. आणि अनोळखी माणसासमोर एक शब्द सहज टाकायचा, त्याचे डोळे चमकले की कळायचं, हा आपला. चमकले नाहीत तर काही बिघडलं नाही. ही सोय दुसऱ्या कशात होती?

लोकल_१०_४७
मी मुंबईतला कोती, म्हणजे बायकी वळणाचा, पुरुषांवर जीव लावणारा पुरुष. तुम्ही सगळे संपलेल्या बोलीवर बोलताय, माझी चालू आहे. असे संबंध गुन्हा ठरवणारं कलम 377 त्याच इंग्रजांनी 1860 च्या दंडसंहितेत घातलं, आणि 6 सप्टेंबर 2018 ला सर्वोच्च न्यायालयाने सज्ञानांच्या संमतीच्या संबंधांपुरतं ते काढलं. त्या दिवशी मी रडलो. पण रात्री मैत्रिणीचा फोन आला (मैत्रीण म्हणजे माझ्यासारखीच), तेव्हा आई शेजारी भाजी निवडत बसली होती, आणि मी आमच्याच शब्दांत बोललो. न्यायालयाचा निकाल स्वयंपाकघरापर्यंत यायला वेळ लागतो.

आणखी एक. एचआयव्हीच्या प्रकल्पांत 'कोती' हा आमचा शब्द फॉर्मवरचा एक रकाना झाला. त्यातून औषधं पोचली, जीव वाचले, त्याचं ऋण आहे. पण आम्ही एकमेकींना लाडाने मारायची हाक कुणीतरी टेबलापलीकडून विचारायला लागलं, "तुम्ही कोती का?" तेव्हा काहीतरी हातातून गेलं. निरंजनभाऊ, बोली संपण्याचा आनंद करायचा की नाही हे ती बोलणाऱ्यांना ठरवू द्या.

निरंजन७२
हे वाचून गप्प झालो. कुबडी हा शब्द मागे घेतो. लपावं लागू नये हे म्हणणं मात्र सोडत नाही. तुमच्या बोलीतले आणखी काही शब्द सांगाल? लिहून ठेवले तर टिकतील.

लोकल_१०_४७
राग मानू नका. नाही सांगणार. आई अजून शेजारीच बसते.