मदत हवी आहे: एसीईची (अमेरिकन कौन्सिल ऑन एक्सरसाइज) पर्सनल ट्रेनर परीक्षा कुणी दिली आहे का?

नमस्कार मंडळी. मी खानापूरचा, बेळगावात टिळकवाडीच्या एका जिममध्ये शिकवतो. एसीईच्या परीक्षेची तयारी चाललीय: १५० बहुपर्यायी प्रश्न, ३ तास, पास व्हायला ८०० पैकी ५०० स्केल्ड स्कोअर (मूळ गुण ठरावीक मापात बदलून दिलेला आकडा). शाळा मराठीतून झाली, तरी इंग्रजी पुस्तक हळूहळू उलगडतंय. अडतं ते स्नायूंपाशी. बैठक मारताना खाली जाताना मांडीचा पुढचा स्नायू लांबत जोर धरतो, उठताना आखडत जोर लावतो, हे तालमीत अंगाला कळलेलं आहे. पण प्रश्नात स्नायू, सांधा, हालचालीची दिशा एकदम आली की गोंधळ उडतो. तुम्ही हे कसं पक्कं केलंत? सीपीआर-एईडीचं (हृदय बंद पडल्यावर छाती दाबून आणि झटका देणाऱ्या यंत्रानं करायचा प्रथमोपचार) प्रमाणपत्रही लागतं. हातानं सराव करून घेणारा चांगला वर्ग बेळगाव, निपाणी किंवा कोल्हापुरात कुठं आहे? सोबत अभ्यासाला कुणी असेल तर रविवारी बेळगावात बसू.