नवी इंजिनं कागदावरच्या ॲव्हरेजसाठी बनतात, घोडबंदर रोडसाठी नाही

गायमुखकर:
सरळ मुद्द्यावर येतो. गेल्या काही वर्षांत पेट्रोल इंजिनात जे नवीन आलंय, म्हणजे चारचे तीन सिलिंडर, छोटं इंजिन आणि त्यावर टर्बो (इंजिनात जादा हवा दाबून भरणारा पंखा), डायरेक्ट इंजेक्शन, सिग्नलला आपोआप बंद होणारं स्टार्ट-स्टॉप, त्यातलं बहुतेक टेस्टमधला आकडा वाढवायला आणलंय आणि ठाण्यात घोडबंदर रोडवर कापूरबावडी ते गायमुख रोज रखडणाऱ्या माणसाच्या पदरात त्यातून फार काही पडत नाही. अपवाद एकच, स्ट्राँग हायब्रिड, म्हणजे पेट्रोल इंजिनाच्या जोडीला बॅटरी आणि मोटर, आणि थोडं अंतर नुसत्या मोटरवरही चालणारी गाडी.

अधिकृत ॲव्हरेज काढतात ते लॅबमध्ये, रोलरवर गाडी चालवून, ११८० सेकंदांची ठरलेली सायकल, कमाल वेग ९०, आणि एसी बंद. त्या सायकलचं नाव एमआयडीसी, म्हणजे मॉडिफाइड इंडियन ड्रायव्हिंग सायकल, आपली रबाळेवाली नव्हे. मे महिन्यात माजिवड्याच्या पुलाखाली एसी बंद करून बसलेला माणूस मला दाखवा, मी त्याला चहा पाजतो.

स्विफ्टचंच बघा. २०२४ ला चार सिलिंडरचं के सिरीज काढून तीन सिलिंडरचं झेड सिरीज बसवलं. मॅन्युअलचा कागदावरचा आकडा २२.३८ वरून २४.८ झाला आणि ताकद ९० पीएसवरून ८२ वर आली. टर्बोवाल्यांची वेगळीच तऱ्हा, हलक्या पायाने चालवा तर ठीक, पण गायमुखचा चढ आला, गाडीत पाच माणसं, मागे कंटेनर हॉर्न मारतोय, टर्बोने जादा हवा दाबली (बूस्ट आला) की पेट्रोल मोठ्या इंजिनाइतकंच ओततं.

हायब्रिडचं गणित वेगळं. ग्रँड व्हिटारा आणि हायरायडरमधलं १.५ लिटरचं इंजिन ॲटकिन्सन सायकलवर चालतं, इनटेक व्हॉल्व्ह उशिरा बंद होतो, त्यामुळे दाबणं कमी आणि प्रसरण जास्त. त्याने खालचा जोर जातो, तो मोटर भरून काढते. एसीचा कॉम्प्रेसर बॅटरीवर, त्यामुळे इंजिन बंद असलं तरी गार हवा चालूच. स्टार्ट-स्टॉपवाल्या साध्या गाडीत इंजिन बंद झालं की मिनिटभरात ब्लोअर कोमट हवा फेकायला लागतो, मग माणूस वैतागून ते बटणच बंद करून टाकतो. ज्यांना पटत नसेल त्यांनी खुशाल खोडून काढा.

शीळफाटा_इंजिनिअर:
खोडतो. मी गाडीच्या पार्ट्सच्याच धंद्यात आहे म्हणून राहवत नाही. तीन सिलिंडरचा फायदा जॅममध्येच जास्त होतो राव! गाडी उभी असताना इंजिन जे पेट्रोल खातं ते मुख्यतः स्वतःचं घर्षण सांभाळायला. एक पिस्टन, त्याच्या रिंगा, एक कनेक्टिंग रॉड, चार व्हॉल्व्ह कमी झाले की तो खर्च कमी होतो. तोटा आहे तो थरथरीचा, तिन्ही पिस्टन मिळून इंजिनाला पुढे-मागे डोलवतात, मग चांगले माउंट लागतात किंवा बॅलन्सर शाफ्ट.

आणि त्या टेस्टच्या सायकलमध्ये शहराचा भाग आहे बरं का, त्यात जवळजवळ तिसरा हिस्सा वेळ गाडी उभीच असते आणि सरासरी वेग ताशी १९ च्या आसपास. संध्याकाळी घोडबंदरला १९ मिळाला तर तुम्ही पेढे वाटाल. एसीचा मुद्दा मान्य, बाकी नाही.

शिवाय कंपन्या हे नुसतं ॲव्हरेजसाठी करतात असं कुठाय? कारबनडाय ऑक्साइडची सरासरी मर्यादा कंपनीच्या सगळ्या गाड्यांवर मिळून लागते, तिचा पुढचा टप्पा २०२७ पासून आहे. ती पाळायची तर हे करावंच लागतं.

गायमुखकर:
म्हणजे माझंच म्हणणं झालं की, नियमासाठी बनवलं!

तुर्भे_गॅरेज:
दोघंही पुस्तकातलं बोलताय, आता आमच्या पिटमधलं ऐका. डायरेक्ट इंजेक्शनमध्ये पेट्रोल थेट सिलिंडरमध्ये जातं, पूर्वी ते इनटेक व्हॉल्व्हवर पडायचं आणि धुऊन काढायचं. आता व्हॉल्व्ह धुतला जात नाही, ऑइलची वाफ बसून बसून कोळसा जमतो. जपान्यांनी त्यावर दोन्हीकडून इंजेक्टर देऊन उपाय काढला पण ते महाग. आणि टर्बो डायरेक्ट इंजेक्शनवाल्यांनो, ऑइल एपीआय एसपी ग्रेडचंच घाला, कमी आरपीएमवर मोठ्या गिअरमध्ये गाडी रेटली की वेळेआधी स्फोट होतो, पिस्टनला तडा जातो, ते ग्रेड त्याच्यासाठीच आलंय. तीनशे रुपये वाचवायला लोक कुठलंही ऑइल घालून आणतात आणि मग तंत्रज्ञान वाईट म्हणतात.

खरा मार खातायत ते बीएस ६ डिझेलवाले. डीपीएफमध्ये, म्हणजे धुरातली काजळी अडवणाऱ्या फिल्टरमध्ये, काजळी साठते, ती जाळायला आत साधारण ६०० डिग्री लागतात, त्यासाठी गाडी थोडा वेळ सलग पळायला हवी. नेरूळ ते वाशी शाळेत पोरं सोडणारी गाडी कधी पळणार? जाळायला सुरुवात होते, तोवर घर येतं, गाडी बंद. असं पुन्हा पुन्हा झालं की काजळी जाळायला जास्तीचं मारलेलं डिझेल ऑइलमध्ये उतरतं. परवा एक गाडी आली, डिपस्टिक काढली तर ऑइल खुणेच्या वर आणि बोटाला लावून वास घेतला तर चक्क डिझेल. मालक म्हणतो ऑइल वाढलंय म्हणजे चांगलंच ना! कपाळावर हात मारला. शहरात फिरणाऱ्याला डिझेल विकणाऱ्या सेल्समनला काय म्हणावं ते इथे लिहिता येत नाही.

खारघरची_रेवा:
एवढा कोळसा, काजळी, ऑइल कशाला उपसताय? ईव्ही घ्या की! जॅममध्ये सगळ्यात जास्त शोभते ती ईव्हीच, उभी असताना एसीपुरती वीज जाते, उतरताना थोडी परत येते. ऑगस्ट २०२५ पासून अटल सेतूवर ईव्हीला टोल नाही, एरवी कारला एका बाजूचे २५० मोजावे लागतात. जीएसटी ५ टक्के, आणि गायमुखकरदादांच्या लाडक्या हायब्रिडला, गाडी चार मीटरपेक्षा लांब आणि इंजिन १५०० सीसी म्हणून, ४० टक्के. घरी रात्री लावायची, सकाळी काढायची.

नौपाड्याचे_काका:
रेवा, तुझ्याकडे स्टिल्ट पार्किंग आहे म्हणून हे बोलणं सुचतंय गं. आमची चाळीस वर्षांची बिल्डिंग, गाडी गल्लीत रसवंतीसमोर उभी. चौथ्या मजल्यावरून वायर सोडू का? एजीएममध्ये चार्जरचा विषय काढला तर सेक्रेटरी म्हणाले लिफ्टचं आधी बघू.

माझा प्रश्न वेगळाच आहे. माझी जुनी पेट्रोल गाडी, पंपावर आता सगळीकडे ई२०, म्हणजे २० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल. ॲव्हरेज पडलंय हे मी टाकी भरून टाकी रिकामी करून बघितलंय. नीती आयोगाच्या २०२१ च्या अहवालातच जुन्या चारचाकीला ६-७ टक्के फटका लिहिलाय. मग नवं इंजिन कुठलं चांगलं यावर वाद घालण्याआधी जुन्याचं काय ते सांगा.

शीळफाटा_इंजिनिअर:
काका, अहवालातला तो आकडा इथेनॉल नसलेल्या पेट्रोलसाठी डिझाइन झालेल्या आणि ई१० ला ट्यून केलेल्या गाड्यांचा आहे, आणि तो चुकीचा नाही. एका लिटर इथेनॉलमध्ये ऊर्जाच पेट्रोलच्या दोन तृतीयांश असते, २० टक्के मिसळलं की साधारण तेवढंच कमी होणार. पण इथेनॉलचा ऑक्टेन जास्त, त्यामुळे त्यासाठीच बनवलेल्या इंजिनात कॉम्प्रेशन वाढवून बरंचसं भरून काढता येतं. एप्रिल २०२३ पासूनच्या गाड्यांत रबर, सील ई२० ला टिकणारे आहेत. तुमच्या गाडीचे फ्युएल होज आणि गास्केट एकदा तपासून घ्या, तुर्भेवाल्यांकडेच न्या.

नौपाड्याचे_काका:
म्हणजे खर्च माझाच. ई० चा, म्हणजे बिनइथेनॉल पेट्रोलचा, पर्याय ठेवा म्हणून सुप्रीम कोर्टात गेले होते, सप्टेंबर २०२५ ला याचिका फेटाळली. चालू द्या.

सीएनजी_ऐरोली:
सीएनजीचं नाव कोणीच काढत नाही हे बघून वाईट वाटलं 😀 दोन छोट्या टाक्या खाली टाकून डिकी मोकळी ठेवलेल्या गाड्या आल्यात आता. खर्चात कोणी हात धरत नाही.

खारघरची_रेवा:
आणि रांगेत पण 😀 नोव्हेंबर २०२५ ला ट्रॉम्बेला गॅसची पाइपलाइन बिघडली तेव्हा ठाणे, नवी मुंबईतले पंप कसे ओस पडले होते आठवतंय ना?

शीळफाटा_इंजिनिअर:
हायब्रिडकडे परत येतो, कारण धागाकर्ते अपवाद म्हणून सुटले. तुमची ही नवी गोष्ट १९९७ ची आहे, जपानात प्रियस तेव्हाच आली. दुसरं, त्या बॅटरीची क्षमता ०.७६ किलोवॅट-तास, त्यातली निम्मीच वापरात धरा, एसी किलोवॅटभर खाणार, म्हणजे पूर्ण अडकलात तर वीसेक मिनिटांत इंजिन परत चालू.

तिसरं, पैसे. समजा फरक २ लाखांचा. वर्षाला १०,००० किलोमीटर, साधीला जॅममध्ये १२ आणि हायब्रिडला २० पकडू. वाचलं ३३३ लिटर, म्हणजे ३४-३५ हजार. फरक निघायला सहा वर्षं जवळपास. तोवर तुम्ही गाडी विकून मोकळे.

गायमुखकर:
इंजिन चालू होतं ते तुमच्यासारखं नुसतं गुरगुरायला नाही, ते योग्य लोडवर चालतं, बॅटरी भरतं आणि परत झोपतं. उलट साधं इंजिन पूर्ण वेळ सगळ्यात वाईट अवस्थेत चालतं. आणि जुनं तर जुनं, पण आज इंजिनावर खरं संशोधन कुठे चाललंय ते बघा ना. चीनच्या बीवायडीने २०२४ ला हायब्रिडमधल्या पेट्रोल इंजिनाची औष्णिक कार्यक्षमता ४६.०६ टक्के असल्याचा दावा केला. हे कशामुळे जमतं? त्या इंजिनाला सगळ्या आरपीएमला नाचावं लागत नाही म्हणून. एकट्या इंजिनाला ते जमणं फार कठीण आहे, हाच माझा मूळ मुद्दा.

सहा वर्षांचं गणित मान्य. पण त्यात क्लच धरा. हायब्रिडच्या ई-सीव्हीटी गिअरबॉक्समध्ये क्लच नाही, पट्टा नाही, नुसता प्लॅनेटरी गिअर सेट आणि दोन मोटर. मॅन्युअलचा क्लच घोडबंदरला किती टिकतो ते तुर्भेवाल्यांना विचारा.

तुर्भे_गॅरेज:
चालवणाऱ्यावर आहे. काही जण अर्धा क्लच दाबून चढावर गाडी रोखून धरतात, त्यांच्या क्लचवर आमची पोरं शिकतात. पण हायब्रिडचा इन्व्हर्टर (बॅटरीची वीज मोटरला देणारा भाग) गेला तर तो आमच्याकडे नाही, शोरूमलाच, आणि तिथे बिल किती येईल ते तुम्ही बघा.

गायमुखकर:
वॉरंटी आहे हो त्याला. बरं, वाद मिटवायचा एक मार्ग आहे. सेल्समन टेस्ट ड्राइव्हला नेहमी पाम बीचवर नेतो, तिथे बैलगाडी पण स्मूथ वाटेल. त्याला सांगायचं, शुक्रवारी संध्याकाळी सातला तीन हात नाका ते गायमुख. एक तीन सिलिंडर, एक टर्बो, एक हायब्रिड, एक ईव्ही. कोण कोण येतंय?

शीळफाटा_इंजिनिअर:
येतो. पण चारही गाड्यांचा एसी २४ वर, माणसं सारखी आणि पेट्रोल टाकी ते टाकी मोजायचं, डिस्प्लेवरचा आकडा चालणार नाही.

खारघरची_रेवा:
माझी गाडी घेऊन येते. वरून युनिटचा हिशोब वेगळा लावला म्हणून कोणी रडायचं नाही.