शेवेतलं मीठ मोजायला चांदीचा इलेक्ट्रोड: कोणता घ्यावा? (बजेट 5000)

सांवेररोडवाली: नमस्कार मंडळी. इंदुरात नमकीनच्या कारखान्यात छोटी लॅब सांभाळते. शेवेतलं मीठ सिल्व्हर नायट्रेटने टायट्रेट करतो, म्हणजे ते थेंबथेंब घालून मीठ किती ते मोजतो, पण हळद-मिरचीच्या पाण्यात मीठ संपल्याची खूण देणारा क्रोमेटचा विटकरी रंग कधी उमटला तेच कळत नाही. माझं आणि मदतनिसाचं रीडिंग कधी जुळत नाही. पीएच मीटर आहे, मिलिव्होल्ट दाखवतो. 5000च्या वर मालक रुपया देणार नाहीत.

पिथमपुरी: ताई, सरळ ऑटोटायट्रेटर घ्या. आमच्या औषध कंपनीत आहे, बटण दाबायचं नि चहाला जायचं. लाखांत जातो, पण एकदाच.

सांवेररोडवाली: दादा, 5000.

प्लॅटिनमवाला: मी प्लॅटिनमचा घेतला. सहा वर्षं झाली, चकाचक! लोह-डायक्रोमेटला तोड नाही.

निवृत्त_केमिस्ट: अहो, तो रेडॉक्ससाठी, म्हणजे इलेक्ट्रॉनच्या देवघेवीच्या क्रियांसाठी. मिठातल्या क्लोराइडला चांदीच हवी, तिचं पोटेन्शियल (विद्युतदाब) द्रावणातल्या सिल्व्हर आयनांवर हलतं. आमच्या वेळी द्रावणाची तीव्रता 0.1 नॉर्मलच म्हणायचे, हल्ली सगळे मोलर मोलर करतात.

पिथमपुरी: काका, सिल्व्हर नायट्रेटला दोन्ही एकच.

निवृत्त_केमिस्ट: ते मला सांगू नका.

पोहेप्रेमी: रेफरन्सकडे, म्हणजे स्थिर पोटेन्शियलच्या दुसऱ्या इलेक्ट्रोडकडे बघा! मी साधा कॅलोमेल रेफरन्स नमुन्यातच बुडवायचो, त्यातलं पोटॅशियम क्लोराइड झिरपत राहायचं. कोऱ्या पाण्यातही मीठ निघायला लागलं, आणि मी आठवडाभर डिस्टिल्ड वॉटरवाल्याशी भांडलो. डबल जंक्शन, म्हणजे दोन कप्प्यांचा घ्या, बाहेरच्या कप्प्यात पोटॅशियम नायट्रेट.

प्लॅटिनमवाला: माझ्या प्लॅटिनमला असलं काही लागत नाही.

पोहेप्रेमी: रेफरन्स सगळ्यांनाच लागतो, भिया. तुमचा एकाच नळीत असेल.

पिथमपुरी: रेफरन्सचं मीपण तेच सांगणार होतो. तरी ऑटोटायट्रेटर बघाच.

सांवेररोडवाली: सगळ्यांचे आभार. विकतचा घेतलाच नाही. सराफ्यात गेले, शुद्ध चांदीची वीतभर तार मागितली. दुकानदार म्हणाला, "पैंजणाला 92.5ची चालेल." त्यात तांबं, म्हणून 999च घेतली. मीटरच्या वायरला डाग दिलेलं टोक द्रावणाच्या वर. जुना कॅलोमेल वेगळ्या पेल्यात, मधे पोटॅशियम नायट्रेट घातलेल्या अगरच्या जेलीचा पूल. शेव कोमट पाण्यात ढवळून गाळली, नाहीतर तेल तारेला चिकटतं. मीटर 100च्या आसपास सुरू झाला, बराच वेळ रेंगाळला, मग 270च्या जवळ एका थेंबात 40 मिलिव्होल्टची उडी, म्हणजे मीठ संपलं! आता मदतनिसाचं नि माझं ब्युरेट रीडिंग थेंबाच्या फरकाने जुळतंय. येताना गराडू (तळलेला कंद) खाल्ले, ते मालकाच्या हिशोबात नाहीत.

निवृत्त_केमिस्ट: छान. तारेवर पांढरा थर बसला की सौम्य अमोनियात बुडवून धुवा. ते पाणी मात्र साठवू नका, चांदी-अमोनियाचं द्रावण ठेवलं की स्फोटक होऊ शकतं. लगेच आम्ल करून टाका.

प्लॅटिनमवाला: सराफ्यात प्लॅटिनमची तार मिळते का हो?

पिथमपुरी: गराडू कोणाकडचे?