आधी पगाराची स्लिप काढा

नोकरी बदलू का, विचारताय. या कंपनीत चार वर्षं सात महिने झालेत, पगारवाढ नावापुरती, पण साहेब चांगला, म्हणून तुमचा पाय निघत नाहीये. वरच्या उत्तरांत बहुतेकांनी 'मारा उडी' म्हटलंय. मी म्हणेन, आधी स्लिपवर बेसिक, म्हणजे मूळ पगार, बघा. कायम नोकरीत ग्रॅच्युइटीला, म्हणजे नोकरी सोडताना कंपनी देते त्या एकरकमी पैशाला, सलग ५ वर्षं लागतात. शेवटचा बेसिक अधिक डीए (महागाई भत्ता), भागिले २६, गुणिले १५, गुणिले वर्षं. बेसिक ४० हजार धरला तरी ५ वर्षांचे १ लाख १५ हजारांवर जातात. पाच महिन्यांसाठी एवढ्यावर पाणी कशाला सोडायचं?

थांबा म्हणजे शोधू नका असं नाही. इंटरव्ह्यू, ऑफर, मग नोटीस पिरियड, यात पाच महिने कुठे जातात कळत नाही. फक्त राजीनामा टाकताना शेवटच्या दिवसाची तारीख नीट मोजा. लवकर मोकळं करणारे एचआरही असतात.

आणि साहेबाचं म्हणाल तर, मीही चाकणला 'साहेब देवमाणूस' म्हणत सहा वर्षं काढली. एका सोमवारी साहेब पेढ्यांचा बॉक्स घेऊन माझ्या टेबलाशी आले. मला वाटलं, आलं माझं प्रमोशन! निघाले त्यांच्या नव्या नोकरीचे पेढे. दोन खाल्ले, त्याच रात्री बायोडेटा अपडेट करायला बसलो.

हो, निघताना पीएफ काढू नका हं. यूएएन (पीएफचा कायमचा नंबर) तोच ठेवून नव्या कंपनीत ट्रान्सफर करा. एकूण सेवा ५ वर्षांच्या आत असताना काढलात तर टॅक्स लागतो.