बास्टेट, बास्तेत की बास्त? आणि तिला ‘मांजरदेवी’ म्हणावं का?

प्रश्न : प्राचीन इजिप्तच्या मांजरमुखी देवीचं नाव मराठीत बास्टेट, बास्तेत, बास्त असं वेगवेगळं लिहिलेलं दिसतं. यातलं कोणतं घ्यावं? नावाचा अर्थ काय? ‘मांजरदेवी’ हा शब्द चालेल का?

प्रतिसाद : मी ‘बास्तेत’ लिहिते. इजिप्तच्या जुन्या भाषेत आपल्यासारखा मूर्धन्य ट नव्हता, तो इंग्रजी वाचनातून आला. नावातला ‘ए’ मात्र अभ्यासकांनी सोयीसाठी घातलेला आहे, कारण चित्रलिपीत स्वर लिहीतच नसत. शेवटचा त स्त्रीलिंगी प्रत्ययाचा. पुढे बोलताना तो गळू लागला, तेव्हा उच्चार टिकावा म्हणून लेखनिक तो दोनदा लिहू लागले असं मानतात. म्हणून ‘बास्त’ही चूक नाही.

नाव लिहिताना सुगंधी लेपाच्या बरणीचं चिन्ह वापरत. त्यावरून ‘लेपाच्या बरणीची ती’ असा अर्थ बहुतेक जण सुचवतात. नावात मांजर कुठेच नाही. मांजराला तिथे ‘मिउ’ म्हणत.

प्रतिसाद : म्हणजे आपलं ‘माऊ’ तिकडूनच आलं का?

प्रतिसाद : नाही. दोन्ही शब्द आवाजावरून पडलेले, एकमेकांशी नातं नाही. नात्याचा शोध गावाच्या नावात घ्या, तिथे खरी गंमत आहे. नाईलच्या त्रिभुज प्रदेशातलं तिचं नगर म्हणजे ‘पर-बास्त’, बास्तचं घर. ग्रीकांनी त्याचं बुबास्तिस केलं, हिब्रू बायबलात ते पी-बेसेथ झालं आणि आज झगाझिग शहराजवळ त्या अवशेषांना तल बस्ता म्हणतात. ‘फॅरो’ या शब्दातही हेच ‘पर’ आहे : ‘पर-आ’, मोठं घर. आधी राजवाड्याला म्हणत, मग राजालाच म्हणू लागले.

आता ‘मांजरदेवी’. ओळख करून देण्यापुरता शब्द ठीक आहे, ‘मार्जारदेवी’ उगाच जड वाटतो. पण सुरुवातीची बास्तेत सिंहिणीच्या मुखाची होती. मांजराचं रूप रूढ झालं ते फार नंतर, इ.स.पू. पहिल्या सहस्रकात. नुसतं ‘मांजरदेवी’ म्हटलं की राजाचं रक्षण करणारी ही उग्र सिंहीण नजरेआड होते, ते मला पटत नाही. पहिल्या उल्लेखात ‘सिंहीण आणि मांजर या रूपांतली देवी’ लिहावं.

प्रतिसाद : आणि ‘इजिप्शियन लोक मांजरांची पूजा करत’ हे वाक्य?

प्रतिसाद : ते मी खोडेन. पूजा देवीची होती, मांजर तिचं पवित्र जनावर. ग्रीक इतिहासकार हिरोडोटस इ.स.पू. पाचव्या शतकात लिहितो की घरचं मांजर आपल्या मौतीनं मेलं तर घरातले सगळे भुवया उतरवत, आणि मांजराचं शव क्षारात घालून बुबास्तिसला पुरत. बुबास्तिसच्या जत्रेला बायका-पुरुष होड्यांतून वाजतगाजत येत, तिथले लोक 7 लाखांचा आकडा सांगत, आणि वर्षभरात होत नसेल इतकी दारू त्या दिवसांत संपे, असंही तो सांगतो.

पण ज्या मांजरांच्या ममी आज हजारोंनी सापडतात, त्यांतली पुष्कळशी घरची लाडकी नव्हेत. क्ष-किरण तपासणीत अनेक पिल्लं निघाली, मान मोडलेली. भाविकांना विकण्यासाठी ती पाळत आणि मारत. यांना ‘पूजलेली मांजरं’ म्हणू नये. ‘देवीला सोडलेली’ तर मुळीच नको, कारण देवाला सोडलेला वळू मोकळा फिरतो. ‘देवीला वाहिलेली मांजरं’ लिहावं. 1890 मध्ये मध्य इजिप्तमधल्या बेनी हसनहून अशा सुमारे 1,80,000 ममी खतासाठी लिव्हरपूलला नेल्या. त्यांच्याबद्दल लिहिताना शब्द तरी नेमका असावा. बेनी हसनची देवी मात्र बास्तेत नव्हे, पाखेत. तीही सिंहीणच, तेव्हा मजकुरात दोघींची सरमिसळ होऊ देऊ नका.