सल्ला हवा: फ्रेस्नोत गाडीत ऐकायला चांगला स्पॅनिश रेडिओ, गाणीही हवीत आणि गप्पाही

तासगावची_लेक

नमस्कार मंडळी,

ऑगस्टमध्ये आम्ही कॅलिफोर्नियात फ्रेस्नोला राहायला आलो. मी फिजिओथेरपिस्ट आहे. माझ्याकडे येणारे निम्म्याहून जास्त पेशंट शेतावर राबणारे, मेक्सिकोतून आलेले. कंबर, खांदे, गुडघे. वर्षभर ॲपवर स्पॅनिश शिकतेय. मी विचारलेलं त्यांना कळतं, पण समोरून भराभर उत्तर आलं की माझ्या हाती दोन-चार शब्दच लागतात.

इथं आलो तेव्हा बेदाण्याचा हंगाम सुरू होत होता. आमच्याकडे शेडमध्ये जाळीवर घड वाळवतात, इथं वेलींच्या दोन ओळींमध्ये जमिनीवर कागद अंथरून उन्हातच. द्राक्ष तेच, थॉमसन. वासही तोच. गाडी कडेला घेऊन मी पाच मिनिटं नुसती उभी राहिले. ओळीत वाकून कागद सरळ करणाऱ्या बाया पाहिल्या आणि वाटलं, यांच्याशी नीट बोलता आलंच पाहिजे.

मागच्या महिन्यात पन्नाशीचे एक काका आले होते. कुठं दुखतं, कधीपासून, सगळं स्पॅनिशमध्ये विचारलं. ते नुसतं "सी, सी" (हो, हो) म्हणत राहिले. फोनवर दुभाषा घेतला, तरी तेच. शेवटी पार्किंगमधून त्यांची मुलगी आली आणि म्हणाली, बाबांना स्पॅनिश जेमतेम येतं, आमची भाषा मिस्तेको. अशी भाषा आहे हे मला तेव्हा पहिल्यांदा कळलं.

रोज जाऊन-येऊन पन्नास मिनिटं गाडीत जातात. शिकवणीचे पॉडकास्ट नकोत. जाहिरातींचा मारा नको. गाणी हवीत, आणि या लोकांच्या आयुष्यात काय चाललंय तेही कळायला हवं. काय ऐकू?

खडीसाखर

ताई, तुम्ही तर उगमावरच राहताय! गाडीत ९१.५ एफएम लावा. ते रेडिओ बिलिंग्वे, आणि त्याचं मूळ केंद्र फ्रेस्नोतच आहे.

थोडं सविस्तर लिहिते, कारण ही गोष्ट मला फार जवळची आहे. ऊगो मोरालेस हे त्याचे संस्थापक. स्वतः मिस्तेक, म्हणजे मिस्तेको बोलणाऱ्या समाजातले, मेक्सिकोच्या वाहाका राज्यातले. लहानपणी आईवडिलांबरोबर कॅलिफोर्नियात आले आणि शेतमजुरांच्या वस्तीत वाढले. पुढं हार्वर्डला जाऊन वकील झाले आणि परत या खोऱ्यात येऊन १९७६ मध्ये त्यांनी रेडिओची जुळवाजुळव सुरू केली. १९८० च्या ४ जुलैला केंद्र हवेवर आलं. माइकपुढं बसणाऱ्यांत सुरुवातीपासून स्वयंसेवकांचा मोठा वाटा: दिवसा काम करायचं आणि संध्याकाळी येऊन गाणी लावायची. १९९४ मध्ये मोरालेस यांना मॅकआरthर फेलोशिप हा अमेरिकेतला मोठा सन्मान मिळाला. आज सलिनास, मोडेस्टो, बेकर्सफील्ड, थेट सीमेजवळच्या इम्पीरियल खोऱ्यापर्यंत त्यांची केंद्रं आहेत, आणि इतर राज्यांतली सार्वजनिक केंद्रंही त्यांचे कार्यक्रम घेतात.

तुमच्यासाठी खास सांगते तो कार्यक्रम 'लीनेआ आबिएर्ता', म्हणजे खुली लाइन. १९९५ पासून चालू आहे. एखादा विषय घेतात, जाणकार बोलावतात आणि फोन खुले करतात. मजुरी बुडवली तर दाद कुठं मागायची, मुलाच्या शाळेची सभा, मतदार नोंदणी, व्हिसाचे कागद, मधुमेह. उन्हाळ्यात उष्म्याचा विषय हमखास. कॅलिफोर्नियानं २००५ मध्ये उघड्यावर काम करणाऱ्यांसाठी नियम केला. आज त्यात ८० फॅरनहाइटच्या वर, म्हणजे आपल्या साधारण २७ अंशांवर पारा गेला की सावली द्यायचीच, आणि माणशी तासाला जवळपास एक लिटर पाणी. पण नियम कागदावर असून काय उपयोग? मुकादमाकडं सावली मागायची तर कुठल्या शब्दांत मागायची, हे मी पहिल्यांदा या रेडिओवर ऐकलं.

एक युक्ती सांगते. सुरुवातीला निवेदकाकडं लक्ष देऊ नका, फोन करणाऱ्यांकडं द्या. निवेदकाचं स्पॅनिश स्वच्छ असतं, ते ॲपवाल्यांना कळतंच. फोनवरचा माणूस मात्र तुमच्या पेशंटसारखाच बोलतो: अडखळत, शब्द गिळत, मधेच देवाचं नाव घेत. मी मोडेस्टोला असताना दोन वर्षं असं ऐकलं. माझे कान त्या फोनांनी तयार केले.

रानवारा

+१. आणखी एक छोटी गोष्ट. अमेरिकेत एफएमवर ८८ ते ९२ हा पट्टा बिनव्यापारी केंद्रांसाठी राखून ठेवलेला आहे. नव्या गावात गेलात की डावीकडून काटा फिरवायला सुरुवात करा. जाहिरातींचा मारा नसलेलं स्पॅनिश सापडलं तर तिथंच सापडेल.

सह्याद्रीपार

मिस्तेको म्हणजे स्पॅनिशचीच गावरान बोली ना? आपल्याकडं मालवणी-अहिराणी म्हणतो तशी? माझे मेक्सिकन सहकारी तरी "दियालेक्तो", म्हणजे बोली, म्हणतात.

ओळ_आणि_अर्थ

नाही हो, आणि हा गैरसमज दूर व्हायलाच हवा. मी पुण्यात स्पॅनिश शिकवते, दर वर्षी वर्गात हाच प्रश्न येतो. मिस्तेकोचा स्पॅनिशशी काडीचाही संबंध नाही. स्पॅनिश युरोपातून आली, मिस्तेको तिथं हजारो वर्षं आहे. कुळच वेगळं. शिवाय ती सुरांची भाषा आहे, म्हणजे त्याच अक्षरांचा सूर वर-खाली झाला की अर्थ बदलतो. खोऱ्याखोऱ्यात ती इतकी बदलते की एका गावचं दुसऱ्या गावाला कळेलच असं नाही. लोक स्वतःला 'न्यू सावी' म्हणवतात, पावसाचे लोक. भाषेला 'तुउन सावी', पावसाचे शब्द. "दियालेक्तो" हा शब्द मेक्सिकोत कमी लेखायला वापरतात, आपण तो उचलू नये.

तासगावची_लेक, त्या काकांसाठी तरी रविवारचा 'ला ओरा मिस्तेका' ऐका. रेडिओ बिलिंग्वेचाच आहे, मिस्तेको आणि स्पॅनिश दोन्हीत. वाहाकातल्या डोंगरी गावांपर्यंत तो पोचतो. इकडून मुलगा गाणं मागतो, निरोप सांगतो आणि तिकडं आई ऐकते. कागदपत्रं नसल्यामुळं वर्षानुवर्षं गावी जाता न आलेली माणसं आहेत ही. त्यांच्यासाठी हे निव्वळ मनोरंजन नाही.

पेटीवाला

गाण्यांकडं कोणीच वळलं नाही अजून, म्हणून मी लिहितो.

पहिल्यांदा उत्तर मेक्सिकोची नोर्तेन्या गाणी आणि टेक्सासमधल्या मेक्सिकन लोकांचं कोन्हुन्तो ऐका. अकॉर्डियन आणि बाहो सेक्स्तो, म्हणजे बारा तारांची जाड आवाजाची गिटार. अकॉर्डियन तिथं जर्मन आणि चेक वसाहतींकडून आलं. आपली पेटीही त्याच जातकुळीची, हवेनं पट्ट्या थरथरवणारी. त्यामुळं पहिल्याच दिवशी ते सूर मला परके वाटले नाहीत. सॅन अँटोनिओचे अकॉर्डियनवादक फ्लाको हिमेनेस यांना ऐकाच. २०२५ च्या जुलैअखेरीस ते गेले. त्यांचा डावा हात भाता कसा ओढतो ते एकदा व्हिडिओत पाहा: सुरात श्वास सोडल्यासारखा. मी ते पाहून माझ्या पेटीच्या भात्याचा हात बदलला, खरंच सांगतो.

मग सोन हारोचो, वेराक्रूस किनाऱ्याचं. हाराना नावाची छोटी गिटार, तालाला गाढवाच्या जबड्याचं हाड, ज्यातले दात खुळखुळतात. आणि लाकडी फळीवर पावलांचा ठेका. ती फळी म्हणजेच तालवाद्य.

वाहाका आणि गेरेरोच्या किनाऱ्याची चिलेना तुमच्या पेशंटांना नक्की ठाऊक असेल. कॅलिफोर्नियात सोनं सापडल्यावर चिलीतून निघालेली माणसं वाटेत आकापुल्कोच्या बाजूला थांबायची, त्यांच्या क्वेका नाचातून ती आली असं सांगतात. हातात रुमाल घेऊन नाचतात. मारियाची, म्हणजे व्हायोलिन-ट्रम्पेटवाला मेक्सिकन वाद्यवृंद, तर सगळ्यांना माहीतच आहे, त्यावर वेळ घालवत नाही. एवढंच की फ्रेस्नोत मारियाचीचा मोठा महोत्सव याच केंद्रानं वर्षानुवर्षं भरवला.

जुन्या तबकड्यांची आवड असेल तर लॉस एंजेलिसच्या यूसीएलए विद्यापीठाचा फ्रोन्तेरा संग्रह इंटरनेटवर शोधा. ख्रिस स्ट्राखविट्झ या गृहस्थांनी आयुष्यभर जमवलेल्या मेक्सिकन-अमेरिकन ध्वनिमुद्रिका आहेत. घरून बऱ्याच गाण्यांचे छोटे तुकडेच ऐकू येतात, पण गायिका लिदिया मेन्दोसांचा १९३० च्या दशकातला आवाज अर्धा मिनिट ऐकला तरी पुरे.

यकिमाकर

आमच्या वॉशिंग्टन राज्याचं नाव कोणीतरी घ्यायलाच हवं. यकिमा खोऱ्यात ग्रेंजर नावाचं एवढंसं गाव आहे. तिथून ९१.९ वर रेडिओ केडीएनए. अक्षरं सलग म्हटली की 'कादेना', म्हणजे साखळी. १९७९ च्या डिसेंबरात सुरू झालं, 'शेतमजुरांचा आवाज' हे त्याचं बिरुद. सफरचंद, चेरी, हॉप्स तोडणाऱ्यांसाठी.

मला त्याचं अप्रूप वेगळ्या कारणानं आहे. संस्थापकांत रोसा रामोन या होत्या, आणि केंद्राच्या व्यवस्थापक म्हणून त्यांनीच ते उभं केलं. शेतावर काम केलेल्या, माइक कधी हातात न धरलेल्या बायकांना निवेदन, तंत्र, बातम्या सगळं शिकवलं. त्या काळात इतर केंद्रांवर बायका कमीच असायच्या.

मी इथल्या पॅकिंग शेडमध्ये गुणवत्ता तपासणीला आहे. पट्ट्यावरून चेरी जात असते, यंत्राचा खडखडाट, आणि कोपऱ्यात पिठानं पांढरा झालेला रेडिओ. पीठ कुठून आलं? ठेवणाऱ्या बाई पहाटे तमाले (मक्याच्या पिठाचा वाफवलेला पदार्थ) करून येतात आणि तेच हात बटणाला. आवाज कमी झाला की चौघी एकदम मान वर करतात.

माणदेशी

हे वाचून म्हसवडची आमची माणदेशी तरंग वाहिनी आठवली, ९०.४. तिथंही गावातल्याच बायका बोलतात. आपल्या गावच्या बाईचा आवाज रेडिओतून आला की माणूस हातातलं काम थांबवून ऐकतो.

सह्याद्रीपार

ओळ_आणि_अर्थ, धन्यवाद. सहकाऱ्यालाही सांगितलं, त्यालाही नवीन होतं.

'रादिओ आम्बुलान्ते' कसा आहे? सगळीकडं नाव ऐकतो.

ओळ_आणि_अर्थ

उत्तम आहे. दानिएल आलार्कोन या पेरूत जन्मलेल्या लेखकानं सुरू केलेला पॉडकास्ट. लॅटिन अमेरिकेतल्या खऱ्या गोष्टी, सावकाश सांगितलेल्या. प्रत्येक भागाची संहिता वाचायला मिळते, त्यामुळं माझ्या वर्गात तो असतोच. पण तासगावची_लेक यांची गरज वेगळी आहे. तिथं एका भागात बोगोता, दुसऱ्यात ब्वेनोस आयरेस. उच्चार बदलत राहतात, आणि फ्रेस्नोच्या द्राक्षमळ्यातलं बोलणं त्यातून कानावर पडणार नाही. त्यांनी आधी ९१.५, आणि सहा महिन्यांनी हा.

मारिया इनोहोसा यांचा 'लॅटिनो यूएसए' १९९३ पासूनचा, विषय समजायला फार चांगला. मात्र तो इंग्रजीत आहे.

सोनोमावारे

एक अनुभव. २०१७ च्या ऑक्टोबरात सँटा रोसाला आग लागली तेव्हा आम्ही तिथं होतो. रात्री दोनला दार वाजवून शेजाऱ्यांनी उठवलं. शाळेच्या सभागृहात गाद्या टाकून बसलो. आमच्या शेजारच्या कुटुंबाला इंग्रजी सूचना कळत नव्हत्या. त्यांच्याकडं छोटा ट्रान्झिस्टर होता, त्यावर केबीबीएफ, ८९.१. सँटा रोसातलंच, १९७३ पासूनचं द्विभाषिक केंद्र. कुठला रस्ता बंद, कुठं कागदपत्रं न विचारता आसरा मिळेल, हे ते घर त्यातून ऐकायचं आणि आजूबाजूच्यांना सांगायचं. मला स्पॅनिश येत नव्हतं, त्यांचा मुलगा मला इंग्रजीत सांगायचा. त्या चार दिवसांत मी त्यांच्या रेडिओवर विसंबून होते.

रानवारा

म्हणूनच एक विनंती. ऐकणाऱ्यांनी जमेल तशी देणगीही द्या. २०२५ च्या जुलैत अमेरिकी संसदेनं सार्वजनिक रेडिओ-टीव्हीचे पुढच्या दोन वर्षांचे सुमारे १.१ अब्ज डॉलर काढून घेतले, आणि ते पैसे वाटणाऱ्या महामंडळानं गाशा गुंडाळला. मोठ्या शहरातल्या केंद्रांकडं सधन श्रोते असतात, ती तगतील. शेतमजुरांच्या केंद्राचा श्रोता पाच-दहा डॉलर देऊ शकतो, तेही हंगाम चांगला गेला तर. मी महिन्याला पंधरा डॉलर लावले आहेत. आपल्या घरचे बदाम-बेदाणे ज्यांच्या हातून येतात त्यांचा रेडिओ आहे हा.

तासगावची_लेक

सर्वांचे मनापासून आभार. पाच आठवड्यांनी लिहितेय, कारण ऐकल्याशिवाय उत्तर द्यायचं नव्हतं.

खडीसाखर, तुमची युक्ती लागू पडली. पहिला आठवडा काही कळलं नाही. दुसऱ्या आठवड्यात एका बाईचा फोन आला, आणि "मे दा पेना" हे तीन शब्द लख्ख ऐकू आले. ॲपवर "पेना" म्हणजे दुःख शिकले होते. ती म्हणत होती की विचारायला संकोच वाटतो. मग लक्षात आलं, माझे पेशंट हेच म्हणतात आणि मी दुखणं समजून कुठं दुखतं ते विचारत बसते! त्या दिवसापासून हे शब्द कानी आले की मी थांबते, खुर्ची जवळ ओढते.

रविवारी 'ला ओरा मिस्तेका' लावला. भाषा कळत नाही, पण गावांची नावं आणि "सालुदोस" (नमस्कार) कळतात. एकामागून एक नावं, आई, बहीण, कंपादरे (जिवलग).

ते काका परत आले होते. बाहेर पाऊस लागला होता. मी खिडकीकडं बोट दाखवून म्हटलं, "सावी". त्यांनी आधी माझ्याकडं पाहिलं, मग मुलीकडं. आणि मान हलवून तोच शब्द पुन्हा म्हटला, सूर जरा वेगळा. मी म्हटलं, ते पुन्हा म्हणाले. असं चार-पाचदा झालं. मग त्यांनी आपणहून खांद्यापासून कोपरापर्यंत बोट फिरवून दाखवलं, दुखणं कुठून कुठं जातं ते. आजवर मी ते खांद्यातच शोधत होते.

यकिमाकर दादा, जूनमध्ये आम्ही तुमच्या बाजूला येतोय. सिएटलहून गाडीनं येताना ९१.९ कुठून लागेल?

यकिमाकर

डोंगर उतरून खोऱ्यात शिरलात की लावून ठेवा. आधी खरखर येईल, बदलू नका. आणि चेरीचे दिवस असतील, जेवायला घरीच या. तमालेंचं मी त्या बाईंना आधीच सांगून ठेवतो.